स्वतःविषयीं चार हजार अक्षरें

आपली स्तुति आपणच करूं नये, हा धडा आपल्या घरांतील मुलास मुळाक्षरांच्याहि आधीं मिळतो. पाहुण्यांपुढें मुलगा आपला पहिला नंबर सांगूं लागला कीं आजी डोळे वटारते. आणि मुलगी फार बोलूं लागली तर 'पुरे आतां, आंतून पाणी घेऊन ये' असें म्हणून तिला माजघरांत पिटाळण्यांत येतें. ह्या वळणाचे गुण पुष्कळ आहेत आणि तें आम्हांस मोडावयाचें नाहीं. परंतु ह्याच वळणांत वाढलेल्या मुलांवर सतराव्या-अठराव्या वर्षीं विलायतेंतील विद्यापीठांकडे अर्ज करण्याचा प्रसंग आला, म्हणजे त्यांच्यापुढें एक असा कागद येतो, कीं ज्यावर स्वतःविषयींच लिहावयाचें असतें आणि दुसऱ्या कोणाविषयीं लिहिल्यास तें फुकट जातें. मग घरोघरीं एकच तारांबळ उडते. मूल म्हणतें, 'काय लिहूं?' बाप म्हणतो, 'थांब, मी लिहून देतों'. आणि काका, मामा, आत्या जगाच्या चार कोपऱ्यांतून दुरुस्त्या धाडूं लागतात.

ह्या कागदास तिकडे 'पर्सनल स्टेटमेंट' असें नांव आहे; आपण त्यास स्वनिवेदन म्हणूं. तें सर्वच विषयांच्या अर्जांबरोबर द्यावें लागतें. परंतु प्रस्तुत लेखांत आम्ही एकाच अभ्यासक्रमापुरतें बोलणार आहों, आणि तो म्हणजे पॅरामेडिकच्या पदवीचा. ह्यास कारण असें कीं, आमचा एक पुतण्या वीस वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त इंग्लंडांत गेला व तेथेंच स्थायिक झाला. त्याच्या कन्येनें हा अभ्यासक्रम मनांत धरला, आणि 'काका, तुम्हीं पस्तीस वर्षें मुलांचे निबंध तपासलेत, आतां हिच्याकडे पाहा' अशी गळ घालून त्यानें तिचा मसुदा आमच्याकडे पाठविला. त्यानिमित्तानें ह्या विषयाची जी माहिती आम्हांस करून घ्यावी लागली, ती अशाच फेऱ्यांत सांपडलेल्या इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम पॅरामेडिक म्हणजे कोण, हेंच नीट समजून घेतलें पाहिजे. कारण ह्या शब्दानें आपल्याकडे मोठा घोंटाळा केला आहे. आपल्या इकडे 'पॅरामेडिकल' म्हटलें, कीं रक्त तपासणारा, क्ष-किरणांचें यंत्र चालविणारा, शस्त्रक्रियागृहांतील मदतनीस अशा सर्वांचा त्यांत समावेश होतो. शिवाय महाराष्ट्रांत २०१४ सालीं १०८ क्रमांकाची जी रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली, तिच्या गाड्यांवर डॉक्टरांची योजना आहे. त्यामुळें रोग्याजवळ बसतो तो डॉक्टर आणि चाकावर बसतो तो चालक, मध्यें तिसरें कोणी नाहीं, अशी आपली सहजच समजूत होते. विलायतेंत तसें नाहीं. तेथें ९९९ क्रमांकावर हाक आली असतां जी गाडी धांवते, तिच्यांत बहुधा डॉक्टर नसतोच. रोग्यास तपासणें, हृदयाचा आलेख काढून वाचणें, शिरेंतून औषध देणें, थांबलेलें हृदय विजेच्या धक्क्यानें चालू करण्याचा यत्न करणें, आणि मुख्य म्हणजे ह्या माणसास रुग्णालयांत न्यावयाचें कीं घरींच ठेवावयाचें हें ठरविणें, हीं सारीं कामें पॅरामेडिकचीं.

ही व्यवस्था एका दिवसांत झालेली नाहीं. पूर्वीं तेथील गाडी म्हणजेहि रोग्यास उचलून आणणारी पालखीच होती. १९६६ सालीं बेलफास्ट येथें डॉ. फ्रँक पँट्रिज यांनीं, रोग्यास उपचारांकडे आणण्याऐवजीं उपचारच गाडींत घालून हृदयविकाराच्या रोग्याकडे न्यावयाचे, अशी सोय केली. त्या गाडींत डॉक्टर असे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत ब्रायटन येथें डॉ. डग्लस चेंबरलेन यांनीं गाडीवरील माणसांनाच ह्या विद्येंत तयार केलें. आज 'पॅरामेडिक' हें नांव तेथें कायद्यानें राखलेलें आहे. 'हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल' ह्या मंडळाच्या नोंदणींत जो नाहीं, त्यास तें लावतां येत नाहीं. आणि सप्टेंबर २०२१ पासून ह्या नोंदणीकडे नेणाऱ्या शिक्षणाची किमान पातळी ऑनर्स पदवी ही ठरलेली आहे. म्हणूनच विद्यापीठ आलें, अर्ज आला आणि त्याच्या पाठोपाठ स्वनिवेदनहि आलें.

एवढें समजावून सांगितलें तरी घरांतील मंडळींचें समाधान होतेंच असें नाहीं. आमच्या सूनबाईंचा प्रश्न सरळ होता : 'काका, पुण्यास फोन करून लोकांस सांगूं तरी काय? मुलगी गाडीवर जाते म्हणून?' ती माउली कांहीं हेकट नव्हे. तिच्या डोळ्यांपुढें मध्यरात्र, मद्यपी, रक्त आणि ओकारी उभी होती, आणि ह्यांपैकीं एकहि गोष्ट खोटी नव्हती. मुलीच्या वडिलांनीं मात्र ह्यावर तोड काढली होती. युकॅस ह्या मध्यवर्ती संस्थेमार्फत एका अर्जांत पांच जागा मागतां येतात. परंतु वैद्यकाच्या जागा पांचांपैकीं चारांहून अधिक मागतां येत नाहींत. तेव्हां चार ठिकाणीं वैद्यक मागावें आणि पांचवी जागा पॅरामेडिकची ठेवावी. डॉक्टर झाली तर उत्तमच, न झाली तर तिचें मनहि राहिलें!

व्यवहारी माणसास ही योजना शहाणपणाची वाटेल, आणि पुष्कळ घरांतून ती अंमलांत येते असें आम्हांस कळतें. तिच्यांत खोट एवढीच, कीं पांचहि ठिकाणीं जाणारें स्वनिवेदन एकच असतें. आतां हा एक कागद लिहावा कोणासाठीं? वैद्यकासाठीं लिहिला, तर पॅरामेडिकच्या अध्यापकास पहिल्या दहा ओळींतच कळतें कीं आपण येथें धर्मशाळा आहों, वाड्यांत जागा मिळाली नाहीं तर येणार. 'वरिष्ठ शल्यचिकित्सकांच्या बरोबर मी पंधरा दिवस रुग्णालयांत हिंडलें, तेव्हांपासून रोगनिदानाचा ध्यास लागला' हें वाक्य वैद्यकाच्या अर्जांत शोभेल. ज्याचें सारें आयुष्य रुग्णालयाच्या दाराबाहेर, लोकांच्या स्वयंपाकघरांत आणि हमरस्त्यावर जावयाचें आहे, त्याच्या अर्जांत तें परक्या घरच्या पत्रिकेसारखें दिसतें. आणि दोघांचेंहि मन राखावें म्हणून 'आरोग्यक्षेत्राची आवड' असें मोघम लिहिलें, तर तें दोहोंकडूनहि परत येतें. वैद्यकाच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. तेव्हां हा निर्णय दसऱ्याच्या सुमारास घेणें भाग होतें.

वडिलांची अपेक्षा अशी, कीं आम्हीं मुलीस वैद्यकाकडे वळवावें. आम्हीं तिला एवढेंच विचारलें, 'चारहि ठिकाणांहून नकार आला आणि पांचव्या जागेंतून बोलावणें आलें, तर तूं रडत जाशील कीं हंसत?' ती म्हणाली, 'आजोबा, मला ती पांचवीच हवी आहे. पहिल्या चार बाबांच्या आहेत.' ह्यानंतर आम्हांस वळविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. पांचहि जागा पॅरामेडिकच्या ठरल्या. पुतण्या आठ दिवस आमच्याशीं मोजकें बोलत होता.

आतां कागदाचें स्वरूप. पूर्वीं तो एकसंध निबंध असे. २०२६ सालीं प्रवेश घेणारांपासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत. हा विषय तुम्हांस कां शिकावयाचा आहे? आजवरच्या शिक्षणानें त्यासाठीं तुमची कशी तयारी झाली? आणि शिक्षणाबाहेर तुम्हीं काय केलें व तें कां उपयोगाचें? प्रत्येक उत्तरास निदान ३५० अक्षरें हवींत, आणि तिन्ही मिळून ४००० च्या पुढें जातां कामा नये. ह्या गणनेंत स्वल्पविराम धरतात, आणि दोन शब्दांमधील मोकळी जागाहि धरतात. आपल्या पांच अक्षरांच्या 'पॅरामेडिक' ह्या शब्दास इंग्रजींत नऊ अक्षरें मोजावीं लागतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ही जागा किती थोडी आहे तें कळेल. गुणपत्रकांतील आंकडे अर्जाच्या दुसऱ्या भागांत येतात, गुरुजनांची शिफारस वेगळी जाते. तीं पुन्हा येथें घालणें हें स्वतःच्याच ताटांतील लाडू दुसऱ्या हातानें उचलून पुन्हा त्याच ताटांत ठेवण्यासारखें आहे. पांचांपैकीं एका विद्यापीठाचें नांव घेऊन त्याची थोरवी गाण्याचाहि मोह आंवरावा. तोच कागद इतर चौघे वाचणार असतात.

पहिलें वाक्य लिहितांना मुलें हटकून एका खड्ड्यांत पडतात. 'अगदीं लहानपणापासून मला मानवी शरीराचें कुतूहल वाटत आलें आहे' हा तो खड्डा. आमच्या नातीच्या मसुद्याचा प्रारंभहि असाच होता. २००७ सालीं युकॅसनें सुमारें पन्नास हजार अर्जांतील निवेदनें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां असें आढळलें कीं त्यांतील २३४ उमेदवारांनीं वयाच्या आठव्या वर्षीं रसायनांशीं खेळतांना आपल्या रात्रीच्या पायजम्यास भोंक पाडलें होतें! एवढ्या पायजम्यांस एकाच रीतीनें भोंकें पडणें सृष्टिक्रमाच्या विरुद्ध असल्यामुळें तीं एकाच नमुन्यावरून उतरलीं होतीं हें उघड झालें. त्याच तपासणींत १७५ निवेदनांत एक वृद्ध अथवा आजारी आजोबा निघाले. आम्ही स्वतः आजोबांच्या पंक्तींत बसणारे असल्यामुळें आम्हांस ह्याचें किंचित् वाईट वाटलें. परंतु नातीस आम्हीं बजावून सांगितलें कीं, आमच्या गुडघ्यांचा उपयोग तिनें ह्या कामीं करूं नये. घरांतील आजारपण खरें असेल आणि त्यांतून खरोखरच कांहीं उमगलें असेल तर तें अवश्य लिहावें. केवळ डोळ्यांत पाणी आणण्यासाठीं आजोबांस खाटेवर निजविणें हें बरें नव्हे.

दुसरा खड्डा भोंग्याचा. दूरचित्रवाणीवर पाहून पुष्कळ मुलांची कल्पना अशी होते, कीं निळे दिवे लखलखत आहेत, गाडी वाऱ्यासारखी चालली आहे, आणि आपण उडी मारून एकाद्याचा प्राण परत आणतों. असा प्रसंग येतो, नाहीं असें नाहीं. इंग्लंडांत २०१७ पासून हांकांच्या चार प्रती केल्या आहेत. प्राण कंठाशीं आलेल्या पहिल्या प्रतीच्या हाकेस सरासरी ७ मिनिटांत आणि छातींतील कळ, अर्धांगवायु अशांच्या दुसऱ्या प्रतीस सरासरी १८ मिनिटांत पोंचावें असा नियम ठरला. पण ह्या दोहोंच्या खालींहि मोठें जग आहे. स्नानगृहांत घसरून पडलेल्या आणि उठतां न येणाऱ्या वृद्धा. मन उदास झाल्यामुळें स्वतःस इजा करून घेतलेला तरुण. श्वासाचा जुना विकार हिंवाळ्यांत उसळलेला गृहस्थ. आणि ज्याला खरें दुखणें एकटेपणाचें आहे, पण तें सांगतां न आल्यामुळें जो पोट दुखतें म्हणतो असा मनुष्य. ह्यांच्या घरीं जाऊन जमिनीवर बसावें लागतें, त्यांचें ऐकून घ्यावें लागतें, आणि कित्येकदां रुग्णालयांत न नेतां त्यांची व्यवस्था लावून परतावें लागतें. ज्या मुलाच्या निवेदनांत नुसता थरार आहे आणि ह्या घरांचा मागमूस नाहीं, त्यास ह्या धंद्याची ओळखच झालेली नाहीं असें परीक्षक समजतात, आणि तें योग्यच आहे.

मग ही ओळख व्हावी कशी? गाडींत बसून पाहण्याची मुभा अल्पवयी मुलांस सहसा मिळत नाहीं. परंतु सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही १८७७ सालापासूनची संस्था प्रथमोपचार शिकविते आणि तिच्यांत मुलांचीं पथकें असतात. विद्यापीठें आपलीं दारें ठराविक दिवशीं उघडून शिकविणाऱ्यांशीं व शिकणाऱ्यांशीं बोलूं देतात. वृद्धाश्रमांत सुटीच्या दिवशीं काम मिळतें. दुकानाच्या गल्ल्यावर उभें राहून संतापलेल्या गिऱ्हाइकास शांत करणें, तलावावर पोहणारांची राखण करणें, हेंहि ह्या कामीं येतें. आपल्या मंडळींस दुकानांतील नोकरीचा उल्लेख करणें कमीपणाचें वाटतें. तेथील अध्यापकांस तसें वाटत नाहीं.

आमची नात शनिवारीं एका वृद्धाश्रमांत जेवण वाढण्याचें काम करीत असे. तिच्या मसुद्यांत ह्याविषयीं एकच ओळ होती : 'मीं वृद्धाश्रमांत स्वयंसेवा केली, त्यामुळें माझ्या अंगीं सहानुभूति बाणली.' आणि त्याखालीं वक्तृत्वस्पर्धेतील चषक, पियानोची पांचवी परीक्षा आणि बॅडमिंटन ह्यांस मिळून सात ओळी. ह्या सात ओळी तिच्या वडिलांच्या हातच्या होत्या हें इंग्रजी भाषेच्या थाटावरून आम्हांस लगेच कळलें. आम्हीं तिला विचारलें, 'तेथें तुझ्या स्मरणांत राहील असें काय घडलें?' ती म्हणाली, 'विशेष कांहीं नाहीं.' मास्तरकी केलेल्या माणसास 'विशेष कांहीं नाहीं' ह्याचा अर्थ ठाऊक असतो. थोडें थांबल्यावर तिनें सांगितलें तें असें.

तेथें एक वृद्ध बाई होत्या. त्यांस कांहीं विचारावें तर त्या भलतेंच उत्तर देत किंवा नुसत्या हंसत. त्यांचें चित्त ठिकाणावर नाहीं, आणि ह्या आठवड्यांत तें फारच बिघडलें आहे, असें सर्वांनीं धरलें होतें. नात डाव्या बाजूनें वाढीत असे. एकदां गर्दीमुळें ती उजव्या बाजूस गेली आणि तिनें 'सूप हवें का?' असें विचारतांच बाईंनीं स्वच्छ उत्तर दिलें. तिला नवल वाटलें. तिनें पुन्हा डावीकडून विचारून पाहिलें, उत्तर नाहीं. तेव्हां तिनें तेथील परिचारिकेस सांगितलें, आणि पाहतात तों डाव्या कानांतील श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली. ती बदलल्यावर बाई शेजारणीशीं भांडूंहि लागल्या.

'हें तूं कां लिहिलें नाहींस?' असें आम्हीं विचारलें. तर म्हणे, 'हें फारच लहान आहे, आजोबा. शिवाय मीच तें केलें असें लिहिणें बरें दिसत नाहीं.'

येथें आमच्या मतें साऱ्या गोष्टीची मेख आहे. माणूस गोंधळलेला आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं त्यास ऐकूं येतें कीं नाहीं तें पाहावें, ही जाणीव अपरात्रीं अनोळखी घरांत शिरणाऱ्या पॅरामेडिकास चषकापेक्षां शतपटीनें मोलाची आहे. आणि ती जाणीव तिला कोणीं शिकविली नव्हती, ती तिची स्वतःची होती. 'मी दयाळू आहें, दक्ष आहें' असें म्हणणें ही आत्मस्तुति. 'मीं असें पाहिलें, असें केलें, आणि त्यावरून मला असें वाटलें' हें सांगणें म्हणजे साक्ष. साक्षीदार न्यायासनापुढें स्वतःविषयीं बोलतो म्हणून त्यास कोणी बढाईखोर म्हणत नाहीं. हा भेद एकदां मुलांच्या मनांत ठसला, म्हणजे आपल्या वळणास धक्का न लावतां त्यांस निर्भयपणें लिहितां येतें. विनयहि लेखणीस फार जड होऊं देऊं नये. आमच्याकडील मुलें 'आमच्या गटानें केलें', 'असें करण्यांत आलें' अशा कर्मणि आडोशाला जाऊन उभीं राहतात. परीक्षकास गट नको असतो, गटांत तूं काय केलेंस तें हवें असतें. हा लेख लिहिणाराहि 'आम्ही'च्या आडून बोलत आहे हें चतुर वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. आम्हांस कोठें प्रवेश घ्यावयाचा नाहीं, म्हणून तें चालतें.

घडलेल्या गोष्टीकडे असें मागें वळून पाहण्यास त्या क्षेत्रांत फार महत्त्व देतात. ग्रॅहॅम गिब्ज ह्या शिक्षणतज्ज्ञानें १९८८ सालीं त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या : काय घडलें, तेव्हां मनास काय वाटलें, त्यांत बरें-वाईट काय होतें, तसें कां झालें, त्यांतून काय निष्पन्न झालें, आणि पुन्हा प्रसंग आल्यास काय करावें. परिचारिकांच्या व पॅरामेडिकांच्या शिक्षणांत ही पद्धति सर्रास वापरतात. श्रवणानंतर मनन सांगणाऱ्या आपल्या परंपरेंत वाढलेल्यांस ती परकी वाटूं नये. मात्र सहाहि पायऱ्या कागदावर चढून दाखविण्याइतकी जागा नसते. तीन-चार वाक्यांत घटना आणि तितक्यांतच तिचें मनन एवढें साधलें तरी पुष्कळ. आणि एक पथ्य : रोग्याचें नांव, आश्रमाचें नांव, अथवा ज्यावरून तो मनुष्य ओळखूं येईल अशी खूण कागदावर येऊं द्यावयाची नाहीं. दुसऱ्याच्या घरांतील गोष्ट बाहेर न बोलणें ह्यावरच ह्या धंद्याची अब्रू उभी आहे.

शिक्षणाविषयींच्या प्रश्नांत मुलें विषयांची यादी देऊन मोकळीं होतात. नातीनेंहि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, मानसशास्त्र अशीं तीन नांवें लिहून पुढें 'ह्यांमुळें माझा पाया भक्कम झाला' असें जोडलें होतें. वर्गांत शिकलेल्यांपैकीं कोणती एक गोष्ट रस्त्यावर उपयोगी पडेल, असें विचारतां तिनें विचार करून सांगितलें, कीं रक्तांतील साखर फार उतरली असतां मेंदूस खाद्य मिळत नाहीं आणि मधुमेहाचा रोगी मद्यप्यासारखा अडखळूं, बरळूं, प्रसंगीं अंगावर धांवूंहि लागतो. त्यास दारूडा समजून सोडून दिलें तर तो प्राणास मुकेल. झालें! हें एक उदाहरण त्या भक्कम पायापेक्षां अधिक भक्कम आहे.

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद मानले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी; आणि ह्यांतील परिचारकाच्या अंगीं सेवेची माहिती, कामांतील तत्परता, रोग्याविषयीं ममता आणि शुचिता हे गुण असावेत असें म्हटलें आहे. १९४८ सालीं स्थापन झालेल्या ब्रिटनच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसनेंहि इंग्लंडसाठीं आपल्या सनदेंत सहा मूल्यें सांगितलीं आहेत : रोग्यासाठीं एकजुटीनें काम करणें, आदर व प्रतिष्ठा, सेवेच्या दर्जाविषयीं निष्ठा, करुणा, लोकांचें जीवन सुधारणें, आणि प्रत्येक माणसाची गणना. विद्यापीठें उमेदवारांत हीं मूल्यें शोधतात. ही वार्ता मुलांच्या कानांवर आली, कीं तीं सहाहि शब्द ओळीनें निवेदनांत टांकून देतात, जणूं संध्येंतील चोवीस नांवें! श्रवणयंत्राच्या गोष्टींत ह्या सहांपैकीं निदान तीन मूल्यें न बोलतां येऊन बसलीं आहेत, तीं परीक्षकास दिसतात.

आतां वडीलधाऱ्यांविषयीं. पोरास लिहितां येत नाहीं म्हणून आपण लिहून द्यावें, अथवा हल्लीं निघालेल्या चॅट-जीपीटीसारख्या यंत्राकडून लिहवून घ्यावें, ही बुद्धि आमच्या पाहण्यांत वारंवार येते. युकॅसची संगणकयोजना प्रत्येक निवेदन पूर्वींच्या निवेदनांशीं ताडून पाहते आणि साम्य आढळल्यास विद्यापीठास कळविते. लेखन स्वतःचेंच आहे असें उमेदवारास वचन द्यावें लागतें, आणि यंत्राकडून सगळा मजकूर करवून तो आपला म्हणून देणें ही फसवणूक ठरूं शकते. पण हें पकडले जाण्याचें भय बाजूस ठेवूं. पॅरामेडिकच्या प्रवेशांत निवेदनानंतर बहुधा मुलाखत असते. तेथें अध्यापक विचारतात, 'ह्या बाईंविषयीं आणखी सांगा. त्यानंतर तुम्हीं काय निराळें करूं लागलांत?' काकांनीं लिहिलेल्या बाईंविषयीं मुलीस काय सांगतां येणार? वडिलांचें काम विचारण्याचें आहे, आणि ऐकण्याचें. शुद्धलेखन पाहावें, एकादें वाक्य समजलें नाहीं तर तसें स्पष्ट सांगावें, आणि लाल शाई कपाटांत ठेवावी. नातीच्या मसुद्यावर आम्हीं एकहि इंग्रजी शब्द आपल्या हातानें घातला नाहीं. प्रश्न मात्र सुमारें तीस विचारले, आणि त्यांतील निम्म्यांनीं ती वैतागली.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, परंतु आधीं ठाऊक असाव्या. पूर्वींच्या वर्तनाची सरकारी तपासणी होते, प्रकृतीची होते. मोटार चालविण्याचा परवाना पुष्कळ ठिकाणीं मागतात, आणि रुग्णवाहिका जड असल्यामुळें पुढें सी-१ ह्या वर्गाचा परवाना लागतो. शिक्षणाचा मोठा भाग प्रत्यक्ष गाडीवर, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, रात्रीं व सणावारींहि होतो. तेव्हां गणपतीस मुलगी घरीं नसेल ही मनाची तयारी पालकांनीं आतांच करावी. इंग्लंडांतील विद्यापीठांत शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांस सप्टेंबर २०२० पासून वर्षास निदान ५००० पौंडांचें, परत न करावयाचें साहाय्य मिळतें. येथून परदेशी विद्यार्थी म्हणून जाणारांस तें मिळत नाहीं, हें हिशेब मांडतांना विसरूं नये.

नातीचा कागद सहा वेळां लिहून झाला. वक्तृत्वाचा चषक राहिला, पण अर्ध्या ओळींत, पियानो गेला. पायजमा आणि आजोबा नव्हतेच. आठवडाभर बापलेकींचें एका विशेषणावरून वाजलें आणि अखेर विशेषणच काढलें. शेवटीं पाठविण्याच्या आदल्या रात्रीं तिनें तो मोठ्यानें वाचून दाखविला, तेव्हां सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. वृद्ध बाईंचा भाग आला तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, 'हें मला कधीं सांगितलें नाहींस?' जानेवारीच्या मध्यावरील मुदतीच्या बऱ्याच आधीं अर्ज गेला आणि तीन ठिकाणांहून मुलाखतीचें बोलावणें आलें. सध्यां ती मोटार शिकत आहे. शिकाऊ चालकाच्या शेजारीं जाणत्या माणसानें बसावें असा तेथील नियम आहे, आणि त्या आसनावर रोज संध्याकाळीं तिची आई बसते.